एकसष्टचं गणित : भास्कराचार्य आणि चक्रवाल

पाटीपेन्सिल

एक साधं दिसणारं कोडं आहे. ६१ ला कुठल्या वर्गसंख्येनं गुणून त्यात १ मिळवला, की उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग येतो? म्हणजे ६१ × क² + १ = ज². क आणि ज दोन्ही पूर्णांक हवेत, आणि क शून्य नको.

आधी शेजारच्या संख्या घेऊन बघा. ६० ला चारच्या वर्गानं गुणलं की ९६०, त्यात १ मिळवला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ ला आठच्या वर्गानं गुणून १ मिळवला की ३९६९, म्हणजे ६३ चा वर्ग. ६३ मध्ये तर नुसता १ मिळवला की ६४. तिन्ही उत्तरं तोंडी निघतात. मधल्या ६१ चं सगळ्यांत लहान उत्तर मात्र असं आहे:

क = २२,६१,५३,९८०
ज = १,७६,६३,१९,०४९

हे कोडं मला निवृत्तीनंतर भेटलं. आयुष्यभर हिशेबाचंच काम केलेलं, आकड्यांची भीती नव्हती, म्हणून वही घेऊन क = १, २, ३ असं सुरू केलं. चार संध्याकाळी बसून ७०० पर्यंत गेलो. नंतर उत्तर कळलं तेव्हा वहीकडे बघत बराच वेळ बसून राहिलो. बावीस कोटी! आणि हे उत्तर भास्कराचार्यांच्या बीजगणितात आहे, इ.स. ११५० मधल्या. तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

भास्कराचार्य म्हटलं की आपल्याला लीलावती आठवते, भुंग्यांचे थवे आणि कमळं आठवतात. ते सगळं गोड आहेच. पण संख्याशास्त्रातली त्यांची खरी उंची बघायची असेल, तर बीजगणितातल्या वर्गप्रकृतीच्या, म्हणजे अशाच समीकरणांच्या, प्रकरणात जायला हवं. आपल्या मराठी वाचकांत हे फार थोड्यांना माहीत आहे, याची मला मनापासून खंत वाटते.

स्वतःविषयी त्यांनी मोजकंच लिहिलंय, पण नेमकं लिहिलंय. सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात ते म्हणतात, 'रस-गुण-पूर्ण-मही' या शकात माझा जन्म झाला. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य आणि मही एक. अंक उजवीकडून डावीकडे मांडले की शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. पुढे लगेच 'रस-गुण' वर्षी, म्हणजे छत्तिसाव्या वर्षी, ग्रंथ रचल्याचं सांगतात. गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडविड, गोत्र शांडिल्य, वडील महेश्वर, आणि विद्या वडिलांकडूनच घेतलेली. सिद्धान्तशिरोमणीचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. त्यानंतर तेहेतीस वर्षांनी, ११८३ मध्ये, करणकुतूहल लिहिलं. म्हणजे वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावरही लेखणी खाली ठेवली नव्हती.

आता मूळ मुद्दा. ६१ ला 'प्रकृती' म्हणायचं. क ला कनिष्ठ पद, ज ला ज्येष्ठ पद, आणि जो आकडा मिळवायचा तो 'क्षेप'. आपल्याला क्षेप १ हवाय, पण तो एकदम मिळत नाही. मग जो सहज मिळतो तो घ्यायचा. ६१ × १² मध्ये ३ मिळवले की ६४, आठचा वर्ग. म्हणून सुरुवात: कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३.

इथून चाक फिरायला लागतं, म्हणून या रीतीचं नाव चक्रवाल. असा एक गुणक शोधायचा, की त्याला कनिष्ठानं गुणून त्यात ज्येष्ठ मिळवलं की क्षेपानं निःशेष भाग जाईल. इथे (गुणक + ८) ला ३ नं भाग जायला हवा, म्हणून गुणक १, ४, ७, १०... यांतला कोणताही चालेल. यांतला असा निवडायचा की त्याचा वर्ग ६१ च्या जास्तीत जास्त जवळ असेल. ७ चा वर्ग ४९, फरक १२. १० चा वर्ग १००, फरक ३९. म्हणून ७ घ्यायचा.

नवं कनिष्ठ: (७ + ८) ÷ ३ = ५
नवा क्षेप: (४९ − ६१) ÷ ३ = −४
नवं ज्येष्ठ: (८ × ७ + ६१ × १) ÷ ३ = ३९

ताळा करून बघा. ६१ × २५ = १५२५, त्यातून ४ वजा केले की १५२१, म्हणजे ३९ चा वर्ग. बरोबर!

एकाच फेरीत क्षेप −४ वर आला. चाक असंच फिरवत राहिलं तरी १ पर्यंत पोचतोच, पण भास्कराचार्य सांगतात की क्षेप ४, २ किंवा १ वर आला की थांबा. तिथून पुढे ब्रह्मगुप्तांची 'भावना' कामाला येते. −४ ला ४ नं भागायचं, म्हणजे पदं निम्मी होतात: कनिष्ठ ५/२, ज्येष्ठ ३९/२, क्षेप −१.

भावना म्हणजे दोन उत्तरं एकत्र करून तिसरं तयार करणं. एकाचं कनिष्ठ आणि दुसऱ्याचं ज्येष्ठ असा तिरका गुणाकार दोन्हीकडून करून बेरीज घेतली की नवं कनिष्ठ मिळतं. या तिरक्या गुणाकाराला 'वज्राभ्यास' म्हणतात. दोन्ही ज्येष्ठांचा गुणाकार अधिक प्रकृती गुणिले दोन्ही कनिष्ठांचा गुणाकार, हे नवं ज्येष्ठ. क्षेपांचा नुसता गुणाकार होतो.

आपल्या निम्म्या पदांची स्वतःशीच भावना केली: कनिष्ठ १९५/२, ज्येष्ठ १५२३/२, क्षेप +१. क्षेप हवा तो आला, पण पदं अपूर्णांकात आहेत. म्हणून याची पुन्हा पहिल्याशी भावना केली: कनिष्ठ ३८०५, ज्येष्ठ २९७१८, क्षेप −१. अपूर्णांक गेले, पण क्षेप उणा आला. आता हीच जोडी स्वतःशी घ्यायची:

कनिष्ठ: २ × ३८०५ × २९७१८ = २२,६१,५३,९८०
ज्येष्ठ: ६१ × ३८०५² + २९७१८² = ८८,३१,५९,५२५ + ८८,३१,५९,५२४ = १,७६,६३,१९,०४९

झालं. वहीचं एक पान.

१६५७ च्या फेब्रुवारीत फ्रान्समध्ये पिएर द फर्मा यांनी फ्रेनिकल या आपल्या गणिती मित्राला हेच कोडं घातलं. उदाहरणं दिली ६१ आणि १०९. फार त्रास नको म्हणून लहान संख्या निवडल्यात, असंही लिहिलं. या संख्यांत काय दडलंय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. ब्राउंकर आणि वॉलिस या इंग्रज गणितींनी रीत काढली. पुढे ऑयलरनी गैरसमजातून या समीकरणाला पेल या इंग्रज गणितीचं नाव दिलं आणि तेच चिकटलं. भास्कराचार्यांच्या वहीतलं ६१ आणि फर्मांच्या पत्रातलं ६१ यांत पाचशे सात वर्षांचं अंतर आहे. युरोपला बीजगणिताचं इंग्रजी भाषांतर नीट मिळालं ते १८१७ मध्ये, कोलब्रुक यांचं. हांकेल या जर्मन गणितीनं पुढे लिहून ठेवलं, की लाग्रांजच्या आधी संख्याशास्त्रात झालेली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

जाणकारांनी भर घालावी. काही चुकलं असेल तर जरूर सांगा.

---

खडूफळा

काका, फार सुंदर लिहिलंय. वाचनखूण साठवली, आणि उद्याच वर्गात नेणार आहे.

मी नववीला गणित शिकवते. भावना मुलांना सहज जमते, फक्त ६१ न घेता २ घ्यायचे. २ × २² + १ = ९, म्हणून कनिष्ठ २ आणि ज्येष्ठ ३. हीच जोडी स्वतःशी घेतली की १२ आणि १७. पुन्हा स्वतःशी घेतली की ४०८ आणि ५७७. मग मुलांना म्हणायचं, आता ५७७ ला ४०८ नं भागा. १.४१४२१५... येतं. दोनचं वर्गमूळ आहे १.४१४२१३... वर्गमूळ काढण्याची रीत न वापरता ते पाच दशांश स्थळांपर्यंत मिळतं. एका मुलीनं फळ्यापाशी येऊन तीन वेळा भागाकार तपासला होता, तिला पटतच नव्हतं!

ब्रह्मगुप्तांचं ९२ चं उदाहरणही वर्गात घेण्यासारखं आहे. ९२ × १² + ८ = १००, म्हणून १, १० आणि क्षेप ८. स्वतःशी भावना केली की २०, १९२ आणि क्षेप ६४. आठनं भागलं की ५/२, २४ आणि क्षेप १. पुन्हा एकदा भावना केली की १२० आणि ११५१. इथे चाक फिरवावंच लागत नाही, नुसत्या भावनेवर भागतं.

एक शंका. गुणक निवडताना 'वर्ग प्रकृतीच्या जवळ' कशासाठी? लहान गुणक घेतला तर काय बिघडतं?

---

पाटीपेन्सिल

@खडूफळा, बाई, धन्यवाद. तुमचं ५७७ आणि ४०८ चं उदाहरण फार आवडलं. तोच न्याय इथे लावला तर २९७१८ ÷ ३८०५ मध्ये ६१ चं वर्गमूळ आठ दशांश स्थळांपर्यंत मिळतं: ७.८१०२४९६७.

शंकेबद्दल: नवा क्षेप म्हणजे (गुणकाचा वर्ग − प्रकृती) भागिले जुना क्षेप. वर्ग आणि प्रकृती जवळ असले की अंश लहान राहतो, म्हणून नवा क्षेपही लहान राहतो. ६१ मध्ये ७ ऐवजी १ घेतला असता तर क्षेप (१ − ६१) ÷ ३ = −२० झाला असता. उत्तर चुकलं नसतं, पण आपण १ पासून लांब गेलो असतो. क्षेप आटोक्यात ठेवणं हेच सगळं कसब आहे.

आणि भाग जाणारा गुणक शोधायचा तो कुट्टकानं. कुट्टक म्हणजे मोठ्या आकड्यांना एकमेकांनी भागत भागत कुटून बारीक करणं. आर्यभटांपासून चालत आलेली रीत. लीलावतीत याचं सुंदर उदाहरण आहे: २२१ ला कशानं गुणून ६५ मिळवले की १९५ नं निःशेष भाग जातो? तिन्ही आकडे १३ नं कापले की १७, ५ आणि १५ उरतात, आणि उत्तर ५. ताळा: २२१ × ५ + ६५ = ११७०, म्हणजे १९५ ची सहापट. चक्रवालाची ताकद यातच आहे, की त्यात कुट्टक आणि भावना ही दोन जुनी हत्यारं एकत्र आली.

---

शून्यवत

जबरदस्त धागा. मी प्रोग्रॅमर आहे, वाचल्यावर राहवलं नाही. म्हटलं संगणकाला सरळ १ पासून बावीस कोटींपर्यंत मोजायला लावू.

पहिल्या प्रयत्नात मी दशांश चिन्हवाल्या संख्या वापरून वर्गमूळ काढलं आणि ते पूर्णांक आलं की उत्तर छापायचं असं ठेवलं. खरं उत्तर येण्याआधीच खोटी उत्तरं छापली गेली. त्यातलं एक क = ४,२९,१२,७९१. संगणक म्हणे ज = ३३,५१,५९,६१२. कागदावर अचूक गुणाकार करून पाहिलं, तर ६१ × क² + १ हे ज² पेक्षा २ नं कमी निघालं. सतरा-अठरा अंकी संख्येत दोनचा फरक! संगणकाच्या दशांश संख्येत साधारण पंधरा-सोळा अंकच नीट मावतात, त्यामुळे तो फरक त्याला दिसलाच नाही. मग पूर्णांकातच हिशेब करायला लावलं, तेव्हा कुठे २२,६१,५३,९८० वर थांबला.

नंतर चक्रवाल लिहिला. दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम, आणि बटण दाबायच्या आत उत्तर. १०९ पण दिलं. क = १५१४०४२४४५५१०० आणि ज = १५८०७०६७१९८६२४९. हे एक-एक करून मोजायचं म्हटलं असतं तर संगणक सोडा, घरातलं कुणीच थांबलं नसतं.

आजकाल पाठ्यपुस्तकात हे समीकरण परंपरित अपूर्णांकांनी (छेदात पुन्हा अपूर्णांक, अशा साखळीनं) सोडवतात. √६१ चं आवर्तन ११ पदांचं आहे, आणि ११ विषम असल्यामुळे दोन आवर्तनं करावी लागतात, म्हणजे २२ पायऱ्या. काकांनी चाकाची एक फेरी आणि तीन-चार भावनांत संपवलं. हा फरक मला व्यक्तिशः फार महत्त्वाचा वाटतो. कमी पायऱ्यांत काम करणारी रीत शोधणं हेच तर माझं रोजचं काम आहे.

---

पोथीपुराण

लेख उत्तम. एका बाबतीत मात्र मला आग्रहानं लिहावंसं वाटतं: श्रेयाच्या.

चक्रवाल ही भास्कराचार्यांची स्वतःची शोध-रीत नव्हे, आणि त्यांनी तसं म्हटलेलंही नाही. बीजगणितातले शब्द आहेत 'चक्रवालमिदं जगुः'. जगुः म्हणजे 'म्हणाले'. याला पूर्वीच्या लोकांनी चक्रवाल म्हटलं आहे, असं ते स्वतःच सांगतात. त्या एका क्रियापदात त्यांचा प्रामाणिकपणा आहे.

हे पूर्वीचे लोक कोण, याचा माग विसाव्या शतकात लागला. उदयदिवाकर नावाच्या टीकाकारानं १०७३ मध्ये लघुभास्करीयावर (हा ग्रंथ आधीच्या, पहिल्या भास्कराचा) 'सुंदरी' ही टीका लिहिली. तिच्यात जयदेव नावाच्या आचार्याचे वर्गप्रकृतीवरचे वीस श्लोक उद्धृत आहेत, आणि त्यांत चक्रवाल आहे. कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ मध्ये ते प्रकाशात आणले. जयदेवांचा मूळ ग्रंथ आपल्याकडे नाही. टीकेतल्या वीस श्लोकांवर एका मोठ्या गणितीचं नाव उरलंय.

आणि ब्रह्मगुप्त! भिल्लमाल, म्हणजे आजच्या राजस्थानातलं भीनमाळ. जन्म इ.स. ५९८, ब्राह्मस्फुटसिद्धान्त ६२८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी. भावना त्यांची. खडूफळा ताईंनी दिलेल्या ९२ च्या उदाहरणाबरोबरच ते म्हणतात, की जो एका वर्षाच्या आत हे सोडवील तो गणक. भावना नसती तर चक्रवाल सुचलंच नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पाया ब्रह्मगुप्तांचा आहे.

---

पाटीपेन्सिल

@पोथीपुराण, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. 'जगुः' कडे माझं लक्ष गेलं नव्हतं, ते दाखवल्याबद्दल मनापासून आभार. लेखात जयदेवांचं नाव यायलाच हवं होतं.

तरी एक सांगतो. बीजगणिताच्या शेवटी ते ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांची नावं घेतात आणि म्हणतात, त्यांचे ग्रंथ फार विस्तृत आहेत, म्हणून शिष्यांसाठी सार काढलं. म्हणजे स्वतःला ते परंपरेतला माणूस समजत होते. पण ६७ आणि ६१ ही उदाहरणं ज्या श्लोकात आहेत तो वाचा. 'सखे' अशी हाक मारून ते विचारतात, वर्गप्रकृती तुझ्या मनात वेलीसारखी पसरली असेल तर सांग. इतकं अवघड गणित आणि इतकी मायेची हाक! आणि मुद्दाम ६१ निवडणं, जिथे लहान प्रकृतीतून महाकाय उत्तर निघतं. रीत दुसऱ्यांची असेल, पण तिची धार कुठे दिसेल हे त्यांना अचूक कळलं होतं.

---

खानदेशी

मी चाळीसगावचा. आमच्या पाटणादेवीचं नाव कुणी कसं घेतलं नाही?

लहानपणापासून आम्ही तिथे जातो. गौताळ्याच्या डोंगराच्या कुशीत चंडिकेचं देऊळ आहे, पावसाळ्यात सगळीकडे धबधबे. पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचं अख्खं घराणं कोरलेलं आहे हे मात्र मला वयाच्या तिशीत कळलं. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी यांनी हा लेख उजेडात आणला आणि १८६५ मध्ये त्याबद्दल लिहिलं.

लेख भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा आहे. (ज्ञानेश्वरांच्या गोष्टीतले चांगदेव वेगळे.) पिढ्या अशा: त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, मग आपले भास्कराचार्य, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव. भास्करभट्टांना भोजराजानं विद्यापती ही पदवी दिली होती. लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपालानं पाटणहून आपल्याकडे नेलं, आणि चांगदेव पुढे सिंघणाचा मुख्य ज्योतिषी झाला. चांगदेवानं पाटणला मठ काढला तो कशासाठी? आजोबांचे ग्रंथ, सिद्धान्तशिरोमणी आणि बाकीचे, तिथे शिकवले जावेत म्हणून. निकुंभ घराण्याच्या सोइदेवानं शके ११२८ च्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, मठाला दान दिलं.

मला सगळ्यात भिडतं ते पुढचं. लेख संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील येतो तिथे भाषा बदलून मराठी होते, आठशे वर्षांपूर्वीची. पाटणच्या बाजारात उघडणाऱ्या मालावरचा राजाचा हिस्सा मठाला दिला, घाण्यावरच्या तेलाचा वाटा दिला, असं त्यात आहे. म्हणजे हे कुट्टक आणि चक्रवाल शिकणाऱ्या पोरांच्या दिव्यातलं तेल आमच्या तेल्यांच्या घाण्यावरून येत होतं. हे वाचलं त्या दिवशी मी बायको-पोरांना घेऊन परत पाटणला गेलो. पोरांना सांगितलं, इथे आजोबाचं गणित नातवानं शिकवलं.

आणि म्हणून विज्जडविड म्हणजे पाटणच, असं मी तरी मानतो.

---

पोथीपुराण

@खानदेशी, भाऊ, फार छान लिहिलंत. पण शेवटच्या वाक्याला माझा विरोध नोंदवतो. शिलालेख मठाचा आहे, जन्मगावाचा नाही. विज्जडविड म्हणजे विजापूर असं मानणारेही अभ्यासक आहेत, त्यांचा आधार नावातल्या साम्याचा. त्यांचीही अडचण आहेच, कारण भास्कराचार्य गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं सांगतात. पाटणचं मोठेपण जन्मस्थानावर अवलंबून नाही. एका गणितीचे ग्रंथ शिकवण्यासाठी दान दिलेला मठ, त्याचा कोरीव पुरावा, मिती-तिथीसकट. असं दुसरं उदाहरण शोधून सापडायचं नाही.

---

खानदेशी

मान्य दादा. तरी आमच्यासाठी ते आमचेच.

---

रानमोगरा

मी गणितातली नाही, भाषेची विद्यार्थिनी आहे, पण पाटीपेन्सिल काकांचं पान पेन्सिलीनं करून पाहिलं आणि ३९ चा वर्ग १५२१ आला तेव्हा अंगावर काटा आला.

दोन प्रश्न. एक, हे चाक नेहमी १ पर्यंत पोचतंच हे कशावरून? आणि दुसरा, लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडला आणि लग्नाचा मुहूर्त टळला, ती गोष्ट खरी का?

---

पोथीपुराण

@रानमोगरा, दुसऱ्याचं आधी सांगतो. ती गोष्ट भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीनं लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, त्यात ती येते. म्हणजे ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. ग्रंथात 'बाले', 'सखे', 'मित्रा' अशा हाका आहेत, त्यावरून लोकांनी चित्र रंगवलं.

पहिला प्रश्न फार मोलाचा आहे. भास्कराचार्य रीत देतात, ती दर वेळी पोचतेच याची सिद्धता देत नाहीत. प्रकृती पूर्ण वर्ग नसेल तर उत्तर असतंच, हे लाग्रांजनं १७६० च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध केलं. आणि खुद्द चक्रवाल नेहमी पोचतं याची सिद्धता दिली मैसूरचे ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी, १९३० च्या आसपास. कवी ए. के. रामानुजन यांचे हे वडील. भाषेची विद्यार्थिनी आहात म्हणून मुद्दाम सांगितलं.

आपल्याकडचे टीकाकारही 'का' विचारत होतेच. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ, ग्रहलाघवाचे कर्ते, यांनी १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी लिहिली, तीत उपपत्ती आहेत. बीजगणितावर कृष्ण दैवज्ञांची टीका आहे. मूळचं विदर्भातलं घराणं, पुढे काशीला गेलेलं. भावनेची उपपत्ती त्यांनी पायरी-पायरीनं मांडली आहे.

---

खडूफळा

आज दोन तास याच्यावरच गेले. वर्गात १३ दिलं होतं. ते ६१ च्या मानानं सोपं पण पठडीतलंच: उत्तर १८० आणि ६४९. चौघांना आलं. एकानं ६४९ चा वर्ग ४,२१,२०१ आणि १३ × १८०² म्हणजे ४,२१,२०० असं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलं आणि खाली फक्त '१' काढला. घंटा झाली तरी पोरं उठेनात.

---

रानमोगरा

श्लोकातलं दुसरं उदाहरण, ६७ चं, मी करायला घेतलंय. ६७ × १² मधून ३ गेले की ६४. म्हणून १, ८, −३. गुणक १० घेतला. कनिष्ठ ६, ज्येष्ठ ४९, क्षेप −११ आला. ताळा जमतो, ६७ × ३६ = २४१२, वजा ११ म्हणजे २४०१. पण क्षेप वाढला ना? कुठे चुकले?

---

पाटीपेन्सिल

@रानमोगरा, चूक नाही, फक्त निवड लांबची झाली. १०० आणि ६७ मधला फरक ३३, पण ४९ आणि ६७ मधला १८. म्हणून ७ घ्या. उणे चिन्ह कनिष्ठाला आलं तर सोडून द्या, त्याचा वर्गच घ्यायचाय. पुढचं मी सांगत नाही, तुम्हीच करा.

---

रानमोगरा

केलं! रात्रीचा दीड वाजलाय, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

७ घेतला: कनिष्ठ ५, ज्येष्ठ ४१, क्षेप ६.
मग ५ ला भाग जातो (२५ + ४१ = ६६). कनिष्ठ ११, ज्येष्ठ ९०, क्षेप −७.
इथे २ पण चालत होता आणि ९ पण. ८१ जवळ, म्हणून ९. कनिष्ठ २७, ज्येष्ठ २२१, क्षेप −२.
दोन आला म्हणून थांबले. स्वतःशी भावना करून क्षेप ४ आला, दोननं भागलं.

कनिष्ठ ५९६७, ज्येष्ठ ४८,८४२.

हातानं गुणाकार करून ताळा घेतला. ४८,८४२ चा वर्ग २,३८,५५,४०,९६४. आणि ६७ × ५९६७² आले २,३८,५५,४०,९६३.